तीच आजी, नवी पर्ची

सरकारी दवाखान्यात माणूस आत शिरतो तो पर्ची काढून. माळव्यातल्या देवासचं महात्मा गांधी जिल्हा चिकित्सालय असो, धारचं महाराजा भोज चिकित्सालय असो, नाहीतर विदर्भातलं एखादं उपजिल्हा रुग्णालय, कागदावर नाव, वय, गाव आणि तक्रार एवढंच उतरतं. रात्री दोनला दम लागून आलेली आजी पहाटे बरं वाटून घरी जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा येते, तेव्हा पर्ची नवी असते, डॉक्टर दुसराच असतो आणि मागचा कागद घरी उशीखाली राहिलेला असतो. वर्षअखेरीला कॅज्युअल्टीचे आकडे जमवले, तर आठ वेळा आलेली ही एक आजी आठ आज्यांसारखी दिसते. तिला ओळखतात ती रात्रपाळीची सिस्टर आणि स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय. "माताजी, फिर आ गए?" या प्रश्नात माया असते आणि थोडा वैतागही.

वैताग जगभर सारखाच आहे. अमेरिकेत वर्षातून चार किंवा अधिक वेळा इमर्जन्सी विभागात येणाऱ्याला 'वारंवार येणारा' म्हणण्याची पद्धत आहे. २०१० साली तिथल्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात साडेचार ते आठ टक्के रुग्ण या गटातले निघाले आणि एकूण फेऱ्यांपैकी २१ ते २८ टक्के फेऱ्या त्यांच्या. ही माणसं रिकामटेकडी, किरकोळ दुखण्याला घाबरणारी, दुसरीकडे कुठे न जाणारी, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण समज होता. आढाव्यात तो टिकला नाही. त्यांतले बहुतेक जण विमा असलेले होते, इतरांपेक्षा जास्त आजारी होते आणि कॅज्युअल्टीखेरीज बाकी दवाखान्यांच्या पायऱ्याही चढतच होते.

वय वाढलं की हे आणखी खरं ठरतं. २०१७-१८ मध्ये आपल्या देशात पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची मोठी पाहणी झाली. तिच्यानुसार साठी ओलांडलेल्या चारांपैकी तिघांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे. जुनाट आजार रोज थोडा थोडा बिघडतो आणि एका रात्री अंगावर येतो. त्या रात्रीच्या फेरीचं कारण आधीच्या पंधरा दिवसांत कुठेतरी पडलेलं असतं, आणि कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला नेमके तेच पंधरा दिवस दिसत नाहीत.

पण आधी साधा प्रश्न. सकाळची ओपीडी सोडून म्हातारी माणसं रात्रीच का येतात? ओपीडीत पर्चीची रांग, डॉक्टरची रांग, रक्त तपासायची रांग, औषधाच्या खिडकीची रांग. गुडघे धरलेल्या माणसाला चार रांगा म्हणजे एक दिवस आणि सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी असं २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० मध्ये लिहिलेलं आहे. कॅज्युअल्टीत मात्र कायद्याची आठवण करून द्यावी लागत नाही. तिथे थेट खाट मिळते, डॉक्टर लगेच येतो, बाटली चढते. माळव्यात मराठी घरांतही सलाईनला 'बाटली चढवणं'च म्हणतात, आणि बाटली चढल्याशिवाय उपचार झाल्यासारखा वाटत नाही.

शिवाय १०८ चा फोन लावला की गाडी फुकट येते. ती आणून सोडते, पण परत नेत नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी फुकट पोचवण्याचा हक्क आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला तो नाही. पहाटे तीन वाजता "आता ठीक आहे, घरी जा" असं सांगितलं, तर कुक्षीकडून धारला शंभरेक किलोमीटर आलेला माणूस जाणार कशाने? म्हणून नातेवाईक 'भरती करून घ्या' म्हणून हटून बसतात, डॉक्टर चिडतो, आणि मधला मार्ग म्हणून कागदावर 'रेफर टू इंदूर' असं लिहिलं जातं. देवासहून इंदूर तासाभरावर आहे, धारहून साठपासष्ट किलोमीटर. केंद्र सरकार साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धांच्या पेन्शनला महिन्याला २०० रुपये देतं, वरचं राज्य घालतं. त्या पेन्शनीत इंदूरची खासगी गाडी बसत नाही.

आता ते पंधरा दिवस. दम्यापासून सुरुवात करू, कारण देवासचं आणि छातीच्या आजाराचं नातं जुनं आहे. १९४८ साली गायक कुमार गंधर्व क्षयाने खचून देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी. काही वर्षं अंथरुणावर गेली, स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, एक फुप्फुस जवळजवळ निकामी राहिलं, आणि १९५३ च्या सुमाराला ते पुन्हा मैफलीत बसले. पुढे १९९२ मध्ये जाईपर्यंत देवासच त्यांचं घर राहिलं. औषधाचं श्रेय मोठं आहेच, पण त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी त्या काळात केलेल्या शुश्रूषेचा उल्लेख त्यांच्या आयुष्याबद्दल लिहिणारे सगळेच करतात. छातीचा रोग घरात, रोजच्या रोज, कुणीतरी लक्ष घालून सांभाळला जातो, याचं याहून चांगलं उदाहरण माळव्यात सापडायचं नाही.

आज त्याच कोरड्या हवेत पौष-माघातल्या थंड रात्री दमेकऱ्यांना जड जातात. यांत बायका बऱ्याच असतात आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी जन्मात विडी ओढलेली नसते. चाळीस वर्षं चुलीपुढे काढली की फुप्फुसाचं जे होतं ते विडीने होतं त्याच्या जवळपासचं. त्यात गव्हाच्या मळणीचा आणि सोयाबीनचा धुरळा. या आजाराला रोज दोन वेळा ओढायचा पंप लागतो. पण 'पंप एकदा लागला की सुटत नाही' ही समजूत इतकी पक्की आहे की पंप कपाटात राहतो आणि आजी दम लागला की 'वाफ' घ्यायला कॅज्युअल्टीत येते. वाफ म्हणजे नेब्युलायझर. त्यातून एका वेळी साल्ब्युटामॉलचे अडीच मिलिग्रॅम जातात. पंपाच्या एका फवाऱ्यात एक दशांश मिलिग्रॅम असतो. साहजिकच पंप कमजोर वाटतो. प्रत्यक्षात स्पेसर, म्हणजे ती प्लॅस्टिकची नळकांडी, लावून ओळीने घेतलेले काही फवारे बहुतेक वेळा वाफेइतकंच काम करतात. ते कसे घ्यायचे हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं रात्री कुणाकडे नसतात आणि दिवसा आजी येत नाही.

धार जिल्ह्यात गोष्ट पाण्यापासून सुरू होते. इथल्या अनेक गावांच्या हातपंपांत आणि बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की लहानपणीच दात पिवळे पडतात आणि पुढे हाडं आणि सांध्यांभोवतीचे बंध कडक होत जातात. पाठीचा कणा वाकतो, मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही. असा माणूस दुखण्याची गोळी मागतो. गावात ती देणारा असतो. लोक त्याला 'डॉक्टरसाहेब'च म्हणतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण मध्य प्रदेशातल्या उपचार करणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांनी आपल्याकडे वैद्यकीय पदवी मुळीच नसल्याचं सांगितलं होतं. त्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण हाकेसरशी घरी येणारा माणूस तेवढाच असतो, हेही तितकंच खरं.

तर रोज एक डायक्लोफेनॅक सुरू होतं. माणसाला रक्तदाबाची एक गोळी आधीपासून असते आणि पायाची सूज उतरवायला लघवीची दुसरी. या तिघी एकत्र आल्या की म्हाताऱ्या मूत्रपिंडावर तिन्हीकडून ताण पडतो: रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडाच्या आतला दाब उतरवतात, लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते, आणि दुखण्याची गोळी तिथे येणारा रक्तपुरवठाच आखडते. मूत्रपिंड मंदावतं, मीठ-पाणी साचतं, रक्तदाब चढतो, आणि आडवं झालं की श्वास घुसमटतो. रात्री एकला गाडी बोलावली जाते. कॅज्युअल्टीत इंजेक्शन दिल्यावर भरपूर लघवी होते, दम उतरतो, सकाळी घरी. डायक्लोफेनॅकबद्दल कुणी विचारत नाही, कारण दुखण्याची गोळी हे औषध आहे असं सांगणाऱ्यालाही वाटत नाही. पंधरा दिवसांनी तेच.

कॅज्युअल्टीत म्हातारं माणूस आलं की मी म्हणेन, छातीला स्टेथोस्कोप लावून झाला की पहिल्यांदा त्याची पिशवी पाहावी. कापडाच्या दुकानाची जुनी पिशवी, तिच्यात गोळ्यांचे कापलेले तुकडे. औषधवाला पाच गोळ्या देताना पट्टी कात्रीने कापतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर. जिल्हा रुग्णालयातून मिळालेली शुगरची गोळी ग्लिमेपिराइड आणि इंदूरच्या डॉक्टरने लिहिलेली वेगळ्या नावाची ग्लिमेपिराइड शेजारी शेजारी असतात, आणि पिशवीवाल्या काकू दोन्ही इमानेइतबारे घेतात, कारण एक पांढरी आहे आणि एक हिरवी. मग एकादशी येते. साबुदाण्याचे चार घास, दुपारी चहा, संध्याकाळी गोळी चुकवायची नाही असं मुलाने बजावलेलं. रात्री घाम फुटतो, काकू असंबद्ध बडबडायला लागतात. घरच्यांना वाटतं लकवा मारला. दवाखान्यात बोटाची शुगर पाहतात, शिरेतून ग्लुकोज देतात आणि काही मिनिटांत काकू "मी इथे कशी?" असं विचारतात. चमत्कार झाल्यासारखा सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि त्यांना घरी पाठवलं जातं.

घोटाळा इथेच होतो. या जातीच्या गोळ्यांचा अंमल दिवसभर टिकतो, मूत्रपिंड थकलेलं असेल तर त्याहून जास्त. ग्लुकोजचा मात्र काही वेळात संपतो. म्हणून त्याच काकू पहाटे पुन्हा येतात. अशा रुग्णाला बरं वाटलं तरी दिवसभर ठेवून घ्यावं लागतं. पासष्टीपुढच्यांना औषधांच्या दुष्परिणामामुळे तातडीने भरती व्हावं लागतं, त्याचा हिशेब अमेरिकेत २०११ मध्ये मांडला गेला. वर्षाला अशा सुमारे एक लाख भरत्या निघाल्या, आणि त्यांतल्या दोनतृतीयांश चारच प्रकारच्या औषधांमुळे: रक्त पातळ करणारं वॉरफरिन, प्लेटलेट्सना आवरणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन आणि शुगरच्या गोळ्या. ही सगळी रोजची, गरजेची, नामांकित डॉक्टरांनी लिहिलेली औषधं आहेत.

देवास-धारच्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. पवारांच्या संस्थानांबरोबर आलेली, पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेली ही घरं. मोठाल्या वाड्यांत आता दोन माणसं उरलेली आणि मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. रात्री बाबांना कसंसं वाटलं की फोन मुलाला जातो. तो तिथून काय पाहणार? त्याला भीती दिसते, नाडी दिसत नाही. तो शेजाऱ्यांना म्हणतो, "काका, वेळ घालवू नका, सरळ इंदूरला न्या." त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो. पण अशा रितीने फेरीचा निर्णय रुग्णापासून सर्वांत लांब असलेला माणूस घेतो.

म्हातारी माणसं पडूनही कॅज्युअल्टीत येतात, आणि पडण्याबद्दल लिहिताना एका मराठी आडनावाकडे वळावंच लागतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अथेन्समध्ये स्थायिक झाले. त्यांचा मुलगा अतुल गावंडे, शल्यचिकित्सक आणि लेखक. २०१४ च्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकात त्यांनी एका वृद्धरोगतज्ज्ञाचं काम जवळून पाहिल्याचं सांगितलं आहे. पाठदुखी आणि इतर बरेच आजार घेऊन आलेल्या पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंचे त्या डॉक्टरने बूट-मोजे काढायला लावले आणि पाय नीट पाहिले: नखं वाढलेली, घट्टे पडलेले. ज्याला वाकून आपल्या पायांपर्यंत पोचता येत नाही, तो लवकरच पडणार, हे त्याचं गणित. त्याच पुस्तकात मिनेसोटातला एक प्रयोग आहे. सत्तरीपुढच्या ५६८ जणांपैकी अर्ध्यांना नेहमीच्या डॉक्टरकडे आणि अर्ध्यांना वृद्धांसाठीच्या पथकाकडे सोपवलं. दीड वर्षात मृत्यू दोन्हीकडे सारखेच झाले, पण पथकाकडच्या लोकांत अपंगत्व येण्याची शक्यता पावपटीने आणि नैराश्याची निम्म्याने कमी होती. या पथकाने नवं यंत्र वापरलं नव्हतं. औषधं कमी केली, सांधे सांभाळले, पाय पाहिले, माणूस एकटा पडलाय का ते विचारलं.

गावंडे यांनीच २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहराची गोष्ट जगापुढे आणली. जेफ्री ब्रेनर या डॉक्टरने तिथल्या रुग्णालयांची बिलं पत्त्यांनुसार नकाशावर मांडली. एक वृद्धाश्रम आणि एक गरिबांची उंच इमारत, या दोन ठिकाणच्या सुमारे नऊशे लोकांनी साडेसहा वर्षांत चार हजारांवर फेऱ्या केल्या होत्या आणि वीस कोटी डॉलरच्या घरात बिल झालं होतं. एकाच इमारतीतून दोन वर्षांत ५७ म्हातारी माणसं पडून जखमी झाली होती. ब्रेनरने परिचारिका, समाजसेवक यांचं पथक करून या लोकांच्या घरी जायला सुरुवात केली आणि फेऱ्या कमी झाल्या. सगळीकडे वाहवा झाली.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. कॅम्डेनच्या लोकांनी आपल्याच कामाची कडक परीक्षा होऊ दिली. ८०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला पथक, दुसऱ्याला नेहमीचा कारभार. २०२० मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांत पुन्हा भरती होणाऱ्यांचं प्रमाण पथकाच्या गटात ६२.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ६१.७ टक्के. फरक नाहीच. मग आधी दिसलेली घट कुठली? माळव्याचंच घ्या. पौष-माघात पाच वेळा आलेल्या दमेकऱ्यांची यादी करा आणि त्यांच्यासाठी योजना सुरू करा. वैशाखात त्यांच्या फेऱ्या कमी झालेल्या दिसतील आणि योजनेचा सत्कार होईल. पण थंडी सरल्यावर त्या तशाही कमी होणारच होत्या. सर्वांत वाईट काळात पकडलेला माणूस पुढे बहुतेक थोडा सावरतोच, नाहीतर मरतो. म्हणून 'वारंवार येणाऱ्यांची यादी करा आणि घरी जा' हा उपाय ऐकायला पटतो तेवढा सरळ नाही. कॅम्डेनमध्ये पथकं लोकांना घेऊन पोचत होती ती त्याच मोडक्या व्यवस्थेच्या दाराशी: अपॉइंटमेंट उशिरा मिळणारी, घर नसलेल्याला घर न देणारी.

आपल्याकडे २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्डाचं नाव 'वय वंदना'. मोठी गोष्ट आहे. पण ते चालतं भरती झाल्यावर. महिन्याचा पंप, शुगरची पट्टी, नर्सची घरभेट यांना त्यात जागा नाही. त्यामुळे सांभाळून घरी राहणाऱ्या आजीचा खर्च तिच्या पदरचा आणि बिघडून भरती झालेल्या आजीचा सरकारचा, अशी उलटी मांडणी तयार होते. रोजच्या औषधांचं काम दुसऱ्या योजनांकडे आहे. रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते; ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एका वेळी महिन्याभराच्या, घराजवळच्या केंद्रात. जिथे गोळ्या खरोखर महिनाभर पुरतात तिथे हा उपक्रम चालतो.

काही फेऱ्या मात्र कार्डाने कायमच्या संपू शकतात. प्रोस्टेटने लघवी तुंबलेल्या आजोबांचं घ्या. एका रात्री नळी घातली जाते आणि 'नंतर बघू' म्हणून ती राहते. साधी रबरी नळी महिन्याच्या आत बदलावी लागते. बदलली नाही तर ती तुंबते, ताप भरतो आणि आजोबा पुन्हा कॅज्युअल्टीत, बहुतेक रात्रीच. दुर्बिणीतून होणारं प्रोस्टेटचं ऑपरेशन आयुष्मानमध्ये बसतं. हृदय साथ देत असेल तर ते करून टाकावं, सहा महिने नळीवर काढण्यात अर्थ नाही. आणि हृदय साथ देत नसेल तर? केरळात याचं उत्तर आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या शुश्रूषेच्या कामातून गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं, आणि तेव्हापासून पंचायतीच्या नर्सेस अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. जखमा धुतात, नळी बदलतात, घरच्या सुनेला ती कशी स्वच्छ ठेवायची ते दाखवतात आणि पुढची तारीख वहीत लिहून जातात. धार जिल्ह्यात डही-कुक्षीच्या बाजूला आजही ती नळी बदलायला जीप करावी लागते.